झऱ्यावरचा राक्षस

खंडाळ्याच्या घाटात रुळांवर काम करणाऱ्या टोळीचा हौशीराम मुकादम होता. गाडी येताना दिसली की तो आरोळी ठोकायचा, ती दरीपलीकडं जाऊन माघारी यायची. त्या आवाजापायीच चौतीस साली लोणावळ्याच्या शाळेतले मास्तर त्याच्या खोलीवर आले. गणपतीत मुलांचं नाटक बसवायचं होतं आणि त्यांना राक्षस हवा होता.

गोष्ट मात्र हौशीरामचीच, आजीकडून ऐकलेली. डोंगरातल्या झऱ्यावर एक राक्षस राहतो. दुष्काळात एक मुलगी घागर घेऊन येते. तो तिला पाणी देतो, तिच्याशी बोलू लागतो. मग एक दिवस तो झोपला असताना ती त्याला दोरानं बांधते, आणि गाव येऊन त्याच्यावर धोंडा ढकलतं. मास्तरांनी त्यात राक्षसाला रोज एक मूल खायला लावलं.

"मास्तर, आमच्या आज्जीचा राक्षस कुणाला खात न्हवता," हौशीराम म्हणाला.

"मग त्याला मारल्याचं मुलांना वाईट वाटेल ना, मुकादम!"

हौशीरामला ते पटलं नाही, पण त्यानं राक्षसाचं काम घेतलं.

मुलगी झाली मदिना, बांगडीवाल्या अल्लाउद्दीनची सात वर्षांची लेक. तालमीत दोर बांधताना ती कुजबुजायची, "काका, लागत तर नाही ना?" नाटकाच्या दिवशी हौशीराम धोंड्याखालून असा ओरडला, की पुढची पोरं रडायला लागली. मदिना पांढरीफटक पडली. लोकांनी मास्तरांची पाठ थोपटली.

त्याच आठवड्यात मदिना संध्याकाळी शेळी शोधायला माळावर गेली आणि धुक्यात हरवली. तिची आई खुर्शीदा धावत आली. "मुकादमभाऊ, तुमचा आवाज लांब जातो. हाक मारा ना तिला!"

हौशीराम माळावर गेला. तोंडाशी हात धरून त्यानं हाक दिली, "मदिनाऽऽ!" जवळच पावलं वाजली. तो हरखला, पुन्हा ओरडला. पावलं पळाली, त्याच्यापासून लांब, उताराकडं. मग दगड घरंगळले आणि एक बारीक किंकाळी आली.

ती ओघळीत पडली होती, पाय मोडला होता. त्यानं उचलायला हात पुढं केले तशी ती मागं सरकली.

"मी नाही बांधलं," ती म्हणत होती. "मास्तरांनी सांगितलं होतं. मी नाही बांधलं."

"अगं पोरी, मी हौशीरामकाका."

"ठाऊक आहे मला," ती रडत म्हणाली.

ते तीन शब्द त्याला उभ्या जन्मात विसरता आले नाहीत. राक्षस समजून पळाली असती, तर त्यानं कशीबशी मनाची समजूत घातली असती.

पाय जुळला, जरा वाकडाच. पुढच्या वर्षी मास्तरांनी दुसरा राक्षस शोधला. हौशीराम मांडवात मागं उभा होता. धोंडा पडला, टाळ्या झाल्या. आईला टेकून बसलेली मदिनाही वाजवत होती, जोरात, डोळे घट्ट मिटून.

रुळांवर तो शिट्टी वापरायला लागला. नोकरी संपल्यावर सुदुंबऱ्याला शेतीवर गेला. नातवंडांनी गोष्ट मागितली की "मला न्हाई येत" म्हणायचा. थंडीत नदीवरून धुकं चढायचं, म्हैस दिसेनाशी व्हायची. त्याची बायको कस्तुराबाई दारातून म्हणायची, "आवो, हाळी द्या की, येईल ती." तो काठी घ्यायचा आणि धुक्यात शिरायचा, पाय न वाजवता.