बोट कोणी ठरवायची

त्या आठवड्यात माझ्या लॅपटॉपवर तीन बोटी एकदम उघड्या होत्या आणि त्यातली एकही मी बुक करत नव्हते. पहिली हॅम्बर्गच्या धक्क्यावरूनच सुटणारी, वेगवान, बंद काचांची, आत विमानासारख्या खुर्च्या. दुसरं म्हणजे कुक्सहाफेनहून निघणारं मोठं पांढरं जहाज. त्यासाठी आधी रेल्वेने समुद्राच्या तोंडापर्यंत जायचं आणि मग डेकवर वारा खात बसायचं. तिसरी बोट हेल्गोलांड बेटावर पोचल्यावर घ्यायची. ती लहान, उघडी, लाकडी. बेटाच्या तांबड्या कड्यांच्या अगदी जवळून ती फिरवून आणते आणि लाटांनी खडकात कोरलेल्या गुहांसमोर थांबते. पण हवा बरी असेल तरच.

मी उठायचे, ओटा पुसायचे, परत येऊन वाऱ्याचा अंदाज बघायचे. पुसलेला ओटा पुन्हा पुसायचे. लेक म्हणाली, "मामा, सेट्स दिश दोख माल हिन." आई, बस की जरा एका जागी. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच येतं.

खरी अडचण बोटीची नव्हतीच. नवऱ्याला बॉबलिंगेनच्या एका कंपनीने नोकरी देऊ केली होती आणि सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. हॅम्बर्ग जर्मनीच्या वरच्या टोकाला आणि बॉबलिंगेन पार खाली, स्टुटगार्टला खेटून. हो म्हटलं, तर हे घर, लेकीची शाळा, माझी नोकरी, सगळंच उचलायचं. मला जायचं नव्हतं. ऑफिसला जाताना मी बंदरातल्या फेरीने नदी ओलांडते. पावसात भिजलेल्या त्या डेकवर उभी राहून कॉफी पिते, आणि तेवढा वेळ मी कोणाचीही कोणी नसते. त्यासाठी मी या शहराचा बाराही महिने ओला असलेला कोट आनंदाने घालते.

पण हे मी नवऱ्याला सांगितलं नव्हतं. मुद्दामच. मी एकदा तोंड उघडलं की आमच्या घरात विषय संपतो. तो म्हणतो, "तू म्हणशील तसं." पडदे कुठले, सुट्टीला कुठे, लेकीला पोहायला घालायचं की पियानोला, चौदा वर्षं हेच. लोकांना हे ऐकून माझा हेवा वाटतो. त्यांनी एक महिना येऊन राहून बघावं. प्रत्येक गोष्ट आपणच ठरवायची आणि ती चुकली की समोरच्याने समजूतदारपणे गप्प बसायचं, यासारखा छळ नाही. या वेळी मी ठरवलं होतं की आधी तो बोलेल. त्याला हवंय की नको, ते त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी हूं की चूं करणार नाही.

आणि तो काही बोलत नव्हता. म्हणजे बोलत होता, पण भलतंच. भाजी चिरता चिरता म्हणे, "तिकडे ऊन बरं असतं म्हणतात, नाही?" एकदा म्हणाला, "तुला टेकड्या आवडतात ना?" मी म्हटलं, "आवडतात." त्याने मान हलवली आणि कांदा चिरायला घेतला. मला वाटलं, चाचपडतोय, माझ्या मनाचा अंदाज घेतोय, म्हणजे पुन्हा सगळं माझ्याच गळ्यात. मी आणखीच घट्ट तोंड मिटलं.

मग म्हटलं, मोठं राहू दे, निदान बोट तरी याने निवडावी.

"शनिवारी हेल्गोलांडला जाऊ या," मी म्हटलं. "कोणत्या बोटीने, ते तू ठरव."

"तुला कोणती आवडेल?"

"मी विचारलंय तुला."

"आल्झो... म्हणजे, तुला त्या छोट्या होडीत बसायला आवडेल, नाही? कडे जवळून दिसतील. गुहा पण."

याला बोट लागते. साधीसुधी नाही. लग्नानंतर एकदा अलिबागला लाँचने गेलो होतो, तेव्हा तो मांडव्यापर्यंत दोन्ही हातांनी प्लास्टिकची पिशवी धरून बसला होता. म्हणून आता मला वाटलं, झालं, निघाली याची त्यागमूर्ती. बायकोला होडी आवडेल म्हणून हा मरायला तयार. मला त्याची दया आली आणि त्या दयेचाच राग आला. मी मोठं पांढरं जहाज बुक केलं आणि होडीचा विषय बंद केला. त्याला बरं वाटेल, असं मी समजले. तो म्हणाला, "हो, तेच बरं." आणि बाल्कनीत जाऊन कुंड्यांना पाणी घालू लागला. बाहेर पाऊस पडत होता.

इथे सासऱ्यांचा एक किस्सा सांगायला हवा. माझं माहेर इचलकरंजीचं. आमच्याकडे कोणाला काही हवं असलं की ते तीन घरं पलीकडे ऐकू जायचं. लग्न होऊन नाशिकला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात, घरात मी आणि सासरे दोघंच असताना, त्यांनी पेपरामागून विचारलं, "कोणाचा चहा होतोय का?" मी मनापासून सांगितलं, "नाही, बाबा," आणि मेथी निवडत बसले.  ते पेपर पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला लागले. सासूबाई बाहेरून आल्या, त्यांचं तोंड पाहिलं आणि थेट आधण ठेवलं. नंतर नवरा हसून म्हणाला, "अगं, बाबांना चहा हवा होता." त्या घरात कोणी कधी 'मला हवंय' म्हणत नसे. ते उद्धटपणाचं वाटे. जे हवं असेल, ते दुसऱ्यासाठी विचारायचं. हा किस्सा मी इथल्या कितीतरी जेवणांत रंगवून सांगितला आहे. सगळ्यात मोठ्याने हसायचा तो माझा नवराच.

शनिवारी कुक्सहाफेनहून जहाज निघालं. वारा होता, पण माफक. मी आवळा सुपारी, आलेपाक, लिंबू, जादा पिशव्या, अशी सगळी जय्यत तयारी केली होती. नवरा डेकवर मध्यभागी, क्षितिजाकडे डोळे लावून बसला. थोडा पांढरा पडला होता, पण निभावलं. मी मात्र एका ठिकाणी टिकत नव्हते. पुढे जायचे, मागे यायचे, कठडा धरायचे, सोडायचे. परवा सोमवार. याच्या मनात काय आहे? काहीच नाही का? इतकी वर्षं मी एका कोऱ्या भिंतीशी संसार केला की काय, असंही एकदा मनात आलं.

बेट आलं. समुद्रातून सरळ वर उठलेला, विटकरी, पट्ट्यापट्ट्यांचा खडक, वर हिरवळ आणि पक्ष्यांचा कालवा. धक्क्यावर त्या लाकडी होड्या लागल्या होत्या. बेटाला चक्कर मारायची शेवटची होडी भरत आली होती. आमचं ठरलं होतं की वरच्या वाटेने कड्याच्या टोकापर्यंत चालत जायचं. मी चालायला लागले. थोड्या वेळाने मागे वळून पाहिलं, तर बाप-लेक होडीपाशीच उभे. मी परत आले.

"तिला बसायचंय का, विचार," नवरा मला म्हणाला.

मी लेकीला विचारलं. तिने खांदे उडवले. "मिअर एगाल." तिला काही फरक पडत नव्हता.

"तुला?" त्याने मला विचारलं. "तुला बघायच्या असतील ना गुहा?"

"नाही," मी म्हटलं. "आणि तुला बोट लागते. चल."

तो हलेना. मागे माणसं उभी होती. होडीवाला, दाढीला मीठ लागलेला मोठा माणूस, दोर हातात धरून वैतागला होता. त्याने मला विचारलंच नाही. सरळ नवऱ्याकडे बघून म्हणाला, "वोलेन झी मिट ओडर निश्त?" तुम्हाला यायचंय की नाही?

आणि माझा नवरा, जो चौदा वर्षांत घरात 'मला आज वरण नको' असंही कधी म्हणाला नव्हता, क्षणाचाही वेळ न घेता म्हणाला, "या. इश विल मिट." हो. मला यायचंय.

मी त्याच्याकडे बघतच राहिले. तसं हे वाक्य मला नवीन नव्हतं. होम ऑफिसच्या दिवशी बंद दारामागून मी त्याचा हाच आवाज ऐकते. मला हे शुक्रवारपर्यंत हवंय. मला हे मान्य नाही. स्पष्ट, शांत, अजिबात न घुटमळणारा. मला वाटायचं, तो ऑफिसचा आवाज आहे, लॅपटॉप मिटला की मिटतो. तो धक्क्यावर, माझ्यासमोर, एका होडीसाठी निघालेला मी पहिल्यांदा ऐकला.

म्हणजे होडी त्यालाच हवी होती. पहिल्या दिवसापासून. ऊन बरं असतं म्हणतात. तुला टेकड्या आवडतात ना. माझ्या कानशिलांत रक्त चढलं. बाबांच्या चहावर जन्मभर हसलेली मी, आणि आमच्या स्वयंपाकघरात आठवडाभर कोणीतरी चहा मागत होतं.

आम्ही बसलो. होडी निघाली आणि लगेच हलायला लागली. कडे डोक्यावर आले. खाली खडकाला काळी, ओली भोकं पडली होती, काही माणूस वाकून जाईल एवढी, एक चांगली दाराएवढी. लाट आत शिरायची, आतून दबका आवाज यायचा आणि पाणी फेसाळून परत यायचं. लेक फोन काढायचंही विसरून बघत होती. नवऱ्याचा चेहरा हिरवट झाला होता. एका हाताने त्याने फळी धरली होती, दुसऱ्या हातात मी कोंबलेला आलेपाक होता. आणि तो खूष होता. इतकं उघडपणे खूष मी त्याला बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

होडीवाल्याने मोठ्या गुहेसमोर इंजिन मंद केलं. मला आता थांबवेना. मराठीत विचारलं असतं, तर मला उत्तर मिळालं नसतं, हे मला कळून चुकलं होतं.

"विल्स्ट डू नाख बॉबलिंगेन?" मी विचारलं. तुला बॉबलिंगेनला जायचंय?

लेकीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी घरात जर्मन बोलत नाही.

त्याने गुहेवरून नजर काढली. "या," तो म्हणाला.

एवढंच. इतकी वर्षं मी ज्याची वाट बघत होते, ते एक अक्षर होतं. मला वाटलं होतं की त्याने एकदा काहीतरी हवं म्हणावं, आणि मी सुटेन. पण तसं झालं नाही. मला भीती वाटली. त्याला कधी काही नकोच असतं, या भरवशावर मी माझं सगळं उभं केलं होतं, ती फेरी, तो डेक, ती कॉफी.

"आणि तुला?" त्याने विचारलं. आता मराठीत. "खरं सांग. तुला काय हवंय?"

हा प्रश्न त्याने मला कधीच विचारला नव्हता. 'तू म्हणशील तसं' म्हणजे हा प्रश्न नव्हे, हे मला त्या क्षणी लख्ख समजलं.  मी, इचलकरंजीची, तीन घरं पलीकडे ऐकू जाणारी, मला शब्द सापडेना.

"मला हॅम्बर्ग सोडायचं नाही," शेवटी मी म्हटलं. "मला नाही यायचं."

"माहितीये मला."

"मग?"

होडी एका लाटेवर चढली आणि खाली आपटली. त्याने डोळे मिटले, आवंढा गिळला, पुन्हा उघडले. मला वाटलं, आता माघार घेईल. आता म्हणेल, बरं, राहू दे. मी त्याची वाट बघत होते, हे मला लपवायचं नाही. मला ते मनापासून हवं होतं.

"मी जाणार आहे," तो म्हणाला. "तुम्ही नाही आलात तरी. शुक्रवारी रेल्वेने येईन. दर शुक्रवारी. पण मी जाणार."

त्याचा आवाज चढलेला नव्हता.  लेक आमच्या दोघांच्या मधे बसली होती. तिने एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या बाहीचं टोक मुठीत धरलं. इंजिन पुन्हा जोरात सुरू झालं, होडी वळली आणि गुहा कड्याच्या मागे गेली.

 धक्क्याला लागल्यावर तो आधी उतरला, पाय रोवून उभा राहिला. त्याने लेकीला उचलून वर घेतलं आणि मग माझ्यासाठी हात पुढे केला. मी तो धरला, कारण होडी अजून हलत होती.