माणसांची गाडी, मालाची गाडी

सौदीतल्या धाहरानमध्ये नवऱ्याने एक जुनी जपानी स्टेशन वॅगन घेतली, तेव्हा शेजारीपाजारी सगळे उंच, दांडग्या गाड्या घेत होते. ही बुटकी आणि मागे लांबत गेलेली. नाशिकहून आलेल्या सासूबाईंनी तिला एक फेरी मारली. "काय रे, अर्धी माणसांची नि अर्धी कांद्याची?"

नवरा खूश झाला. "अगदी बरोबर, आई! जपानात अशा गाड्या आधी दुकानदारांसाठीच निघाल्या. आठवडाभर माल न्यायचा, सुट्टीला बायकापोरं. पुढे त्यांनाच चांगल्या सीटा बसवल्या."

हा इतिहास आमच्याकडे पाहुण्यांना चहाच्या आधी मिळतो.

उन्हाळ्यात थंड हवेसाठी आम्ही तिघं खमीस मुशैतला निघालो. नवरा आणि मी आळीपाळीने गाडी चालवत दुसऱ्या दिवशी डोंगरात पोचलो. एका वळणावर थांबून नवऱ्याने मागचं दार वर उचललं, मागच्या सीटा आडव्या केल्या, सतरंजी पसरली आणि गाडीकडे पाठ करून सासूबाईंना समजावू लागला, "बघ, सीट पाडली की पार पुढपर्यंत सपाट…"

"तुझं गिऱ्हाईक आत बसलंय," सासूबाई म्हणाल्या.

पांढऱ्या आयाळीचं एक थोराड माकड शंकरपाळ्यांचा डबा मांडीवर घेऊन बसलं होतं. आम्ही भराभर सगळी दारं उघडली. ते सपाट जागेवरून ऐटीत पुढे गेलं आणि स्टिअरिंगसमोर बसलं. कोपर लागून हॉर्न वाजला. त्याला तो आवडला असावा, कारण मग तो वाजतच राहिला.

एक सौदी गृहस्थ गाडी थांबवून उतरले, टाळ्या वाजवून माकडाला हाकलत "यल्ला, यल्ला!" म्हणाले आणि हसत हसत खालीच बसले.

शेवटी सासूबाई पुढे झाल्या. कमरेवर हात ठेवून ओरडल्या, "उतर खाली!"

माकड उतरलं, डब्यासकट. नवराही दोन पावलं मागे सरला.

मी सतरंजी झटकली. मागचा सगळा चुरा एका फटक्यात बाहेर. नवरा लगेच म्हणाला, "साफ करायलाही किती सोपी!" आता मात्र सासूबाईंना हसू आवरेना. पदराने डोळे पुसत त्या हक्काने पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

घाट उतरताना त्यांनी विचारलं, "आपल्याकडे मिळते का रे ही?"

"नाही गं. आपल्याकडे लोकांना अशा गाड्या फारशा पसंतच पडल्या नाहीत."

"लोकांना काय कळतंय," म्हणत त्यांनी सीट मागे केली आणि डोळे मिटले.