कवळाचं रान

सोनुबाई गेल्या त्याला बरीच वर्षं झाली. त्यांच्याबद्दल एखाद्या लिहिणाऱ्या माणसाने लिहायला हवं होतं. मला नीट जमेल असं वाटत नाही.

कडावपासून कोसभरावर आमचं गाव. सोनुबाईंचा नवरा कोंडाजी बारा वर्षं सरपंच होता. तो कुठल्याच पक्षात गेला नाही. एकदा एका पक्षाच्या माणसांनी त्याचं डोकं फोडलं, एकदा दुसऱ्या पक्षाच्या. गावच्या गुरचरणीत ऐनाची झाडं होती. भाताची रोपं टाकण्याआधी जमीन, म्हणजे राब, भाजायला लागतो तो पाला, म्हणजे कवळ, तिथून घरोघर सारखा मिळायचा. कोंडाजीचा नियम एकच: फांद्या तोडा, शेंडा राखा.

तो गेल्यावर धाकटा भाऊ पदू सरपंच झाला. त्र्याहत्तर साली त्याने ठरवलं, झाडं पाडून तिथे भातगिरणी घालायची. गिरणी कर्जतच्या व्यापाऱ्याची, पाटीवर नाव कोंडाजीचं. ग्रामसभेचा ठराव बाकी होता, पण पदूला दम निघेना. सभेच्या आदल्या दिवशी सकाळीच तो चार माणसं आणि कुऱ्हाडी घेऊन गेला. सोनुबाई ऐनाला मिठी मारून उभ्या होत्या.

"सर गं वयनी. दादाचंच नाव लावतोय ना?"

"नाव तुझ्या पोराला लाव. रान सोड."

पहिला घाव त्यांच्या डोक्याच्या वीतभर वर, खोडावर बसला. साल उडून गालात घुसली. त्या हलल्या नाहीत. शेजारचा गजा मध्ये पडला, तर एकाने कुऱ्हाडीच्या दांड्याने त्याचे दोन दात पाडले. मग पदूने कमरेच्या कोयत्याची पाठ सोनुबाईंच्या उजव्या हातावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मी बांधावरून ऐकला. तो ऐकून कुऱ्हाडीवाले मागे सरले, झाडं त्या दिवशी वाचली. मी पंचायतीचा कारकून. बांधावरच उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी देवळापुढे सभा भरली. हात मोजायचं काम माझ्याकडे होतं. सोनुबाई हाताला बांबूच्या कामट्या बांधून आल्या.

"ठरावाला ज्यांची ना हाय, त्यांनी हात वर करा," पदू म्हणाला आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत बसला.

कोणी हात उचलला नाही. सोनुबाईंनी डाव्या हाताने मोडका हात कोपरातून धरून वर उचलला. दोन्ही हात वर दिसत होते. कामट्यांमधून रक्त गळत होतं.

पदू हसला. "वयनी, दोन मतं देतेस काय गं?"

"एक तुझ्या भावाचं हाय."

कोणी हसलं नाही. बायकांत बसलेल्या मोतीबाईंनी, पदूच्याच बायकोने, हात वर केला. पदू उठला, सगळ्यांदेखत तिचे केस धरून त्याने तिचं तोंड पारावर आपटलं. तोंड रक्ताने भरलं, तरी हात खाली आला नाही. मग गजाचा हात. मग भागूबाईचा, शुक्राचा, आणि पुढे पुढे सगळीकडून. चौघांनी पदूला धरून बाजूला नेलं.

ठराव पडला. मी नाच्या बाजूला एकसष्ट हात लिहिले. सोनुबाईंचा एकच धरला, नियमाने.

तो हात पुढे सरळ झाला नाही. कवळाच्या दिवसांत त्या ऐनाखाली उभ्या राहून वर चढलेल्यांना ओरडायच्या, "शेंडा राख रं."

मोजणाऱ्याला हात वर करावा लागत नाही. त्या दिवशी मला ते बरं वाटलं होतं.