निखाऱ्यावर न पेटलेली वाइन

फ्रान्सची कोरडी पांढरी वाइन आमच्या जंगलभागातल्या कोणत्या पदार्थाबरोबर जुळते, हा प्रश्न घेऊन मी त्या दुपारी जेवायला बसलो होतो. कोरडी म्हणजे जिच्यात द्राक्षाची गोडी उरलेली नाही अशी. उत्तर मिळाले, पण ती दुपार आठवली की अजूनही मान खाली जाते.

ऐंशीच्या दशकात सूरजागडच्या डोंगरांखालच्या एका गावात मी शाळेवर होतो. मार्कंड्याच्या देवळातली शिल्पे पाहायला आलेला एक फ्रेंच पाहुणा पुढे माझ्याकडे उतरला आणि गावच्या वृद्ध गोंड पाटलांनी त्याला जेवायला बोलावले. घरून जपून आणलेली एकुलती बाटली त्याने यजमानांसाठी काढली. ओल्या फडक्यात गुंडाळून ती आम्ही सकाळपासून माठाला टेकवून ठेवली होती. दुभाषा मीच.

आधी रंग पाहावा, मग वास घ्यावा, मग लहान घोट जिभेवर फिरवावा, अशी पद्धत पाहुण्याने सांगितली. वासात हिरवे सफरचंद शोधायचे होते. त्या अंगणात ते कोणाच्या ओळखीचे नव्हते, म्हणून मी कच्चे बोर म्हणालो.

पाटलांनी वाइन ओतलेला पानाचा द्रोण घेतला आणि मोहाची दारू जोखतात तसा एक शिंतोडा निखाऱ्यावर टाकला. चांगली मोहाची निळी पेटते. ही चुरचुरली, राख उडाली, निखारा काळा पडला.

ते माझ्या कानाशी लागले. "गुरुजी, पाव्हण्याले कोनीतरी पानी विकलं. सांगू नका त्याले. लाजंल बिचारा."

"तुमी आग काऊन इझवता मंग?" चुलीपासून त्यांची बायको म्हणाली. "मासे भाजाचे हायेत अजून."

पाटलांनी घरची मोहाची आणली, पेटवून दाखवली, पाहुण्यापुढे ठेवली आणि त्याची बाटली हळूच बाजूला सरकवली. पाहुण्याचा चेहरा लाल झाला. "त्यांना आवडली नाही," तो मला इंग्रजीत म्हणाला आणि बाटली पिशवीत घालू लागला. पाटील पाहुण्यासाठी लाजत होते, पाहुणा स्वतःच्या भेटीसाठी, आणि दोघांची भाषा येणारा मी एकटा, माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या.

अखेर मी पाटलांना समजावले. मोहाची दारू भट्टीवर गाळतात, म्हणून ती पेटते. ही द्राक्षाचा रस नुसता आंबवून केलेली. ती पेटणारच नाही.

पाटलांनी काळ्या पडलेल्या निखाऱ्याकडे पाहिले. "म्हंजे खरीच व्हती? अन् मी पाव्हण्याच्या तोंडावर तिची परीक्षा घेतली?"

"घेतली. अन् नापास बी केली," बायको म्हणाली. "गुरुजीवानी."

पाटील उठले. दोन्ही हातांनी त्यांनी ती बाटली परत मागून घेतली आणि घरच्या दारूचे करतात तसे पहिले थेंब जमिनीवर सोडले. हा आधीच्या पिढ्यांचा वाटा, असे मी पाहुण्याला सांगितले. तो मांडी सावरून नीट बसला.

मग आम्ही चव घेतली. झिंग्यांच्या तिखट रश्श्याबरोबर वाइन पार हरवली, वर जीभ अधिकच भाजली. अंबाडीच्या आंबट भाजीनंतर ती पाण्यासारखी लागली. नुसते मीठ लावून पळसाच्या पानात भाजलेल्या नदीच्या माशाबरोबर मात्र लिंबू पिळल्यासारखी तरतरी आली. "मास्यासंग जमते," पाटील म्हणाले. पण पाहुण्याकडे न पाहता. जेवण संपेपर्यंत त्यांची नजर पानावरून हलली नाही.

निघताना पाहुण्याने हात जोडले. पाटील मला म्हणाले, "फिरून या म्हना त्याले. पुढच्या खेपेले मी विस्तवापाशी बसनार नाई."

मी ते शब्दशः सांगितले. पाहुणा हसला, पाटील हसले नाहीत. तो फिरून आला नाही.

माझा निष्कर्ष एका बाटलीचा आहे, आणि लाजेने तोंड कोरडे पडलेल्या माणसाचा आहे. म्हणून वाचकांना विनंती: मासा मिठात भाजून, वाइन गार करून, हे आपण स्वतः पडताळून पाहावे.