मधली फट

मीरा, ईशान, तुमच्याकडचा अमेरिकन फुटबॉलचा रविवारचा सामना मी इथे सोमवारी सकाळी चहा घेत, फोनवर तुमच्याशी बोलत पाहते. तुमच्या संघाची एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. उंच फेकलेला चेंडू हे लोक छान अडवतात. पण समोरचा एखादा गडी चेंडू पोटाशी धरून सरळ मधून धावत सुटला, की एवढे धिप्पाड पहिलवान त्याच्या पाठीकडे बघत राहतात.

आज न राहवून मी विचारलं, "कबड्डीसारखी हात धरून साखळी का करत नाहीत हे?"

मीरा, तू हसलीस. "आजी, इथे ज्याने त्याने आपापली फट सांभाळायची असते. तो बघ, शेजाऱ्याच्या मदतीला गेला आणि त्याचीच जागा उघडी पडली."

मदतीला गेलेल्यावर रागवायचं तरी कसं? मी पुन्हा पुन्हा त्याच रिकाम्या जागेकडे पाहत होते. संघ हरला.

"अजून एकदा हरलो की आपला सीझन संपला," ईशान, तू म्हणालास.

तेव्हापासून घरात माझं लक्ष नाही. सामने संपले, की सोमवारी सकाळी तुम्ही कशाला फोन कराल? शाळा, क्लास, मित्र, तुम्हाला कामं काय कमी आहेत?

त्या मदतीला धावणाऱ्याला पुढच्या खेपेला जागेवरच उभं राहू दे. मीही चहा घेऊन माझ्या खुर्चीत असेन, सामना असो वा नसो.