ताईची गव्हाण

पिंपातलं काळपट भुसकट सुमनताई सुपात घेऊन निवडत होती. त्यातलं एकेक पीस बोटांनी वेचून बाजूला टाकत होती, आपण तांदळातले खडे वेचतो तसं. ताई माझी मावसबहीण. दोन म्हशी आणि थोड्या कोंबड्या, एवढाच तिचा पसारा. उन्हाळ्यात खूप दिवसांनी मी तिच्याकडे गेलो होतो.

"हे काय गं?" मी विचारलं.

"कोंबडखत," ती सहज म्हणाली. "भुसा अन् गुळाचं पाणी घालून महिनाभर दाबून ठेवलंय. चारा संपला, म्हशींनी खायचं काय?"

तिने ते गव्हाणीत ओतलं. म्हशी मन लावून खाऊ लागल्या. मी मात्र नाक दाबून दोन पावलं मागं सरलो. मग तिने त्याच म्हशींच्या दुधाचा चहा आणून दिला आणि ती आत वळताच मी तो पेरूच्या बुंध्याशी ओतला.

वळून पाहिलं तर ती दारात उभी.

गच्चीतल्या कुंडीत शेणखतावर वाढलेली कोथिंबीर मी रोज चवीनं खातो. तिची कधी किळस आली नाही, कारण ते खत कालवणारे हात मी कधी पाहिलेच नव्हते. आज पाहिले, आणि ते माझ्या बहिणीचे होते. अंगणात उभ्या उभ्या मला माझीच लाज वाटू लागली.

थोड्या वेळानं ताईनं दुसरा कप माझ्यासमोर ठेवला.

"घे," ती हळूच म्हणाली, "यात दूध नाही घातलं."