कंपनीच्या पाहुण्यांना घोंगडी

"उचल ती! वास मारायलाय."

गाव ज्यांना मालक म्हणतं, त्या जमीनदारांनी बुटाच्या टोकानं मी अंथरलेली घोंगडी बाजूला सारली. परदेशी कंपनीचे लोक आमच्या पेडगावच्या गायरानावर जागा बघायला आले होते. आम्हा मेंढरंवाल्यांत पाहुणा आला की आधी घोंगडी, मग पाणी. मला वाटलं, कंपनी झाली तरी पाहुणीच. माझी अक्कल!

"मेंढरं घेऊन वढ्यापल्याड जा. हे जाईस्तोवर तोंड दावू नको."

गेलो. पन्नाशीतला बाप्या, बाभळीआड मेंढरांची तोंडं दाबत बसलो. हात दोन, तोंडं साठ. ओरडलीच.

लेक सुनीता परभणीला मावशीकडं राहून आयटीआय शिकत होती. कंपनी आली तर घरचा डबा घेऊन कामाला जाईल, एवढीच माझी आस.

कंपनी दुसऱ्या जिल्ह्यात गेली. मालक पारावर म्हणाले, "ह्याच्या मेंढरांच्या वासानं गेली." लोक हसले. मीच सगळ्यात मोठ्यानं हसलो. आणि मनात ते खरं मानलं. दुसरी कंपनी तरी परत जाऊ नये म्हणून सगळा कळप विकला. मेंढरं टेम्पोत चढेनात. मी हाळी दिली. माझ्या आवाजावर भरवसा ठेवून एकामागं एक चढली.

सुनीता घरी आली, तर मेंढरांचा वाडा मोकळा. कारण ऐकून तिनं पिशवी तिथंच टाकली. "आबा, कंपन्या रस्ता बघतेत, पाणी, लाईट, बंदर किती लांब ते बघतेत. वास कोण बघतंय? मला एकदा इचारायचं तरी!"

आता ती पुण्याकडं कंत्राटी कामाला आहे. फोनवर विचारतो, जेवलीस का. हो म्हणते. आवाजावरून कळतं, जेवलेली नसते.

यंदा पुन्हा कंपनीची बोलणी निघाली. ग्रामसभेत गायरान देण्याचा ठराव आला. मालकांनी कागद माझ्यापुढं सरकवला.

"तुझी मेंढरंच न्हाईत आता. कर सही."

मी उठलो. कागद परत त्यांच्यापुढं सरकवला.

"मेंढरं न्हाईत, पण मी हाय. गावच्या पोरापोरींना कायमचं काम, आन् बाकीच्यांच्या जितराबाला दुसरं रान. आधी हे लिवा."

"तुला कंपनीतलं काय कळतंय?"

"काईच न्हाई, मालक. म्हणून तुमच्या तोंडून ऐकणार न्हाई. कंपनीवाल्यांना मीच इचारणार."

सही केली नाही. ते दोन्ही लिहून येईस्तोवर करणार नाही.